अपघाताचा क्लेम: वकील कधी करायचा आणि त्याला द्यायचे किती

हाड मोडून माणूस इस्पितळात पडला, की दोन-चार दिवसांत वॉर्डाच्या दाराशी एक अनोळखी माणूस घुटमळायला लागतो. वागणे लाघवी, काखेत पातळशी फाइल. पेशंटचे नाव त्याला ठाऊक असते, गाडीचा नंबरही ठाऊक असतो. ‘ताई, तुम्ही फक्त पेशंटकडे बघा, क्लेमचं आमचे साहेब बघतील. आत्ता एक पैसा द्यायचा नाही, पैसे आले की बघू.’ फाइलीतून कोरे वकीलपत्र निघते. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारून ठेवलेली असते. कधी कधी पाठोपाठ एका कोऱ्या चेकवरही सही मागितली जाते.

तिथे सही करू नका. वकिलांसाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम आहेत. दलाल पाठवून अशिले गोळा करायची नाहीत, हा त्यातला एक. दाव्याच्या निकालावर फी ठरवायची नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटा मागायचा नाही, हा दुसरा. म्हणजे वॉर्डात माणूस पाठवणाऱ्या साहेबांनी तुमचे वकील होण्याआधीच दोन नियम मोडलेले असतात.

पण दलालाला हाकलले म्हणून वकील नकोच, असे होत नाही. मोटार अपघाताच्या दाव्यात भांडण तीनच गोष्टींवर होते: चूक कुणाची, शरीराचे कायमचे किती गेले, आणि जखमी माणूस कमवत किती होता. या तिन्हींवर वाद नसेल तर वकिलाला द्यायचे पैसे बहुतेक वाचवता येतात. एकीवरही वाद असेल तर चांगला वकील त्याच्या फीच्या कितीतरी पट मिळवून देतो. पुढचे सगळे जखमींच्या दाव्याबद्दल आहे. मृत्यूच्या दाव्याचे हिशेब थोडे वेगळे असतात.

पहिल्या महिन्यातले काम घरच्यांचे

आधी उपचाराचा खर्च. मे २०२५ पासून केंद्र सरकारची रस्ते अपघातग्रस्तांसाठी विनारोख उपचार योजना लागू आहे. अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, माणशी दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार योजनेतल्या रुग्णालयात रोख न भरता व्हायला हवा. चूक कुणाची, गाडीला विमा होता का, हे प्रश्न इथे येत नाहीत. अपघाताची नोंद पोलिसांकडून पक्की व्हावी लागते. दाखल करतानाच बिलिंग काउंटरवर योजनेचे नाव घेऊन विचारा. डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नाही.

मग केस पेपर. पुढे जाऊन लाखांचा फरक पाडणारी ओळ याच कागदावर असते आणि ती लिहिली जाते अगदी पहिल्या दहा मिनिटांत. जखमीला आणणारा मेहुणा किंवा शेजारी धापा टाकत सांगतो, ‘गाडीवरून पडला.’ ड्युटीवरचे डॉक्टर तेच लिहून घेतात: दुचाकी घसरून पडले. मागून टेम्पोने धडक दिली होती, हे सांगायचे राहून जाते. तीन वर्षांनी विमा कंपनीचा वकील तोच कागद न्यायाधीशांपुढे ठेवतो आणि विचारतो, की टेम्पो होताच कुठे? लिहिलेले खोडायला कुणी लावू नये, डॉक्टर ते करणारही नाहीत. पण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खरी हकीकत सांगून तिची वेगळी नोंद करून घेता येते आणि पोलिसांना खाटेवरूनच जबाब देता येतो. दोन्ही लवकर झाले तर मूळ ओळीचे विष बरेच उतरते.

पोलिसांकडून घ्यायचे कागद म्हणजे फिर्यादीची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, धडक देणाऱ्या गाडीचे आरसी, विमा पॉलिसी आणि चालकाचा परवाना. गाडीचा नंबर हाती असेल तर तिचा विमा चालू होता का, हे एमपरिवहन ॲपवर स्वतः बघता येते. एप्रिल २०२२ पासूनच्या केंद्रीय नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्या अहवालालाच भरपाईचा अर्ज मानण्याची सोय कायद्यात आहे. प्रत्यक्षात ठाण्यागणिक अनुभव निराळा. म्हणून तपासी अंमलदाराचे नाव आणि फोन नंबर टिपून ठेवा, अहवाल गेला का हे विचारत राहा, आणि नुसता त्याच्या भरवशावर राहू नका.

याच काळात समोरच्या गाडीचा मालक भेटायला येतो. माणूस वाईट नसतो, घाबरलेला असतो. वीस-पंचवीस हजार देतो म्हणतो आणि बदल्यात पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर ‘आमची काही तक्रार नाही’ असे लिहून मागतो. खरे तर त्याच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू आणि परवाना नीट असेल, तर भरपाई त्याच्या खिशातून नव्हे, विमा कंपनीकडून जाणार असते. हे त्याला समजावून सांगितले तर तो बऱ्याचदा निमूटपणे पॉलिसीची प्रत आणून देतो.

बिलांची फाइल घरातल्या एकाच माणसाकडे असू द्या. औषधांच्या पावत्यांवर पेशंटचे नाव हवे. रिक्षाचे, फिजिओथेरपीचे, कुबड्यांचे, पेशंटच्या देखभालीला नेमलेल्या बाईचे पैसे, सगळे तारखेनिशी लिहून ठेवा. मेडिक्लेममधून बिल भागले असेल तरीही मूळ बिलांच्या प्रती जपा. मेडिक्लेमची रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे. तुम्ही हप्ता भरून घेतलेल्या पॉलिसीचा फायदा धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीने का घ्यावा, असा त्यामागचा साधा विचार.

इथे वकिलाला पैसे देऊ नका

धडक देऊन गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला दोन लाख मिळतात. अर्ज तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा. मंजुरी जिल्हाधिकारी पातळीवर होते. विहित नमुना, बँक पासबुक, ओळखपत्र, उपचाराचे कागद आणि फिर्यादीची प्रत, एवढ्यावर काम भागते. या ५० हजारांतून कुणी ‘आमचे पाच’ मागत असेल, तर तो कशाचे मागतो ते त्यालाच विचारा.

तुमच्याच चुकीने गाडी ठोकली गेली, तर थर्ड पार्टी विम्यातून तुम्हाला काही मिळत नाही. पण मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा पॉलिसीबरोबर घेतलेला असू शकतो. त्यात मृत्यू किंवा दोन्ही हात-पाय-डोळे गेले तर पूर्ण रक्कम, एक अवयव किंवा एक डोळा गेला तर निम्मी. नुसते हाड मोडून जुळले तर या विम्यात काही नाही. कंपनीने आडमुठेपणा केला तर विमा लोकपालाकडे तक्रार फुकट होते आणि तिथे वकिलामार्फत तक्रार करताच येत नाही. मात्र लोकपाल तुमच्या स्वतःच्या पॉलिसीपुरता. समोरच्याच्या विमा कंपनीविरुद्ध तो काही करू शकत नाही.

तिसरा प्रकार सगळ्यांत कमी माहीत असलेला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला ठरावीक अडीच लाख रुपये मागता येतात, मृत्यूला पाच लाख. चूक कुणाची हे सिद्ध करावे लागत नाही. हाड मोडणे हे कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतीत बसते. आता विचार करा: मनगट मोडले, दीड महिना प्लास्टर, उपचाराला साठ हजार, पगार थोडाबहुत बुडाला, आणि आज हात पूर्ववत चालतो. अशा माणसाने चूक-बिनचूक सिद्ध करत चार वर्षे तारखा केल्या, तर हाती अडीच लाखांहून कमीच यायची शक्यता दांडगी. त्याने कलम १६४ची वाट धरावी.

पण हेच कलम उलट्या बाजूने घातकही आहे. अपघाताची माहिती मिळाल्यावर विमा कंपनीने अधिकारी नेमून ३० दिवसांत तडजोडीचा देकार द्यायचा, अशी कायद्यात तरतूद आहे. या मार्गाने कलम १६४ची रक्कम स्वीकारली, की चूक सिद्ध करून मागायचा कलम १६६ खालचा मोठा दावा संपतो. ज्याचा गुडघा पुन्हा वाकणार नाही, त्याने खाटेवर असताना अडीच लाखांवर सही केली तर पंधरा-वीस लाखांचा हक्क तिथेच सोडला. अपंगत्व राहणार की नाही, हे हाडांचे डॉक्टर स्पष्ट सांगेपर्यंत कोणत्याही देकारावर सही करू नये. आणि वकिलाचा सल्ला पैसे मोजून एकदाच घ्यायचा असेल, तर तो या सहीच्या आधी घ्यावा. तासाभराच्या सल्ल्याची फी द्या, पावती घ्या. वकीलपत्र देण्याची त्यासाठी गरज नाही.

वकील कशाचे पैसे घेतो, ते आकड्यांत

चौतिशीतला एक सुतार घेऊ. स्वतःचे काम, महिन्याला वीस हजारांची कमाई. उजव्या हाताला ४० टक्के कायमचे अपंगत्व. हे उदाहरण काल्पनिक आहे, पण हिशेबाची रीत सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली आहे: २००९ च्या सरला वर्मा निकालातले वयानुसार गुणक आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालातली भविष्यातल्या वाढीची टक्केवारी.

वर्षाची कमाई २,४०,०००. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे: ३,३६,०००. त्यातले ४० टक्के गेले: वर्षाला १,३४,४००. वय ३१ ते ३५ या गटाला गुणक १६. झाले २१,५०,४००. उपचार, वेदना, बुडालेले दिवस हे याशिवाय.

आता विमा कंपनीचा वकील म्हणतो, कमाईचा पुरावा काय? सुताराकडे काही कागद नाही. न्यायाधिकरणाने अंदाजाने महिना बारा हजार धरले, की तीच रक्कम १२,९०,२४० वर येते. एका न मांडलेल्या पुराव्यापायी आठ लाख साठ हजार गेले. किंवा कमाई वीस हजार मान्य झाली, पण दाखल्यावरचे ४० टक्के त्या हातापुरते आहेत, सबंध शरीराचे नाहीत, असे म्हणून न्यायाधिकरणाने कमाईचे नुकसान निम्मे, म्हणजे २० टक्के धरले, तर उरतात १०,७५,२००.

२०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा फोडून सांगितला आहे. डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळपास सगळीच जाऊ शकते. सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईचे नुकसान या दोन गोष्टी वेगळ्या. आमच्या सुताराला रंधा धरताच येत नाही हे नीट मांडले, तर ४० टक्क्यांच्या दाखल्यावरही त्याहून जास्त नुकसान मान्य होऊ शकते. ते मांडायचे कसे, तर डॉक्टरला साक्षीला बोलावून, ज्यांच्याकडे कामे केली त्या दोघा-तिघा गिऱ्हाइकांना उभे करून, बँकेची आणि यूपीआयची वर्षभराची नोंद दाखल करून, अपघाताच्या आधी भरलेले रिटर्न असेल तर ते जोडून. अपघातानंतर घाईने भरलेल्या रिटर्नकडे न्यायाधीश संशयानेच बघतात.

वकिलाला पैसे द्यायचे ते या कामाचे. अर्ज टाइप करून दाखल करणे हे त्यातले सगळ्यांत हलके काम, आणि दुर्दैवाने पुष्कळ वकील तेवढेच मन लावून करतात.

आणखी काही ठिकाणी वकील लागतोच. हेल्मेट नव्हते, चुकीच्या बाजूने येत होता, दारू होती असे म्हणून चूक निम्मी-निम्मी वाटायचा प्रयत्न असेल तिथे. समोरच्याचा परवाना बाद किंवा विमा संपलेला असेल तिथे. दुचाकीवर मागे बसलेल्याला त्याच दुचाकीच्या विम्यातून भरपाई हवी असेल आणि पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तिथे. अशा पॉलिसीत मागचा प्रवासी येत नाही. कामावर असताना अपघात झालेल्या ड्रायव्हरला कामगार भरपाई किंवा मोटार अपघात भरपाई यांतले एकच निवडावे लागते. ती निवड सल्ल्याशिवाय करू नये.

फी कशी ठरवायची

टक्केवारी कायद्यात बसत नाही, बाजारात मात्र सर्रास चालते. दहा टक्के, पंधरा टक्के, कुठे वीस. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे तेलंगणातले प्रकरण आले होते. नवरा अपघातात गेलेल्या बाईकडून वकिलाने भरपाईच्या टक्क्यांत फी मागितली, चेक घेतला, तो वटला नाही म्हणून तिच्यावरच खटला भरला. न्यायालयाने खटला रद्द केला आणि निकालाच्या टक्क्यांवर ठरवलेली फी सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असल्याचे सांगितले. तेव्हा टक्केवारीचा कागद लिहून दिलेला असला, तरी तो तुमच्यावर बंधनकारक आहे असे समजून घाबरायचे कारण नाही.

वकिलांची बाजू अगदीच खोटी नाही. जखमी माणसाजवळ रोकड नसते, दावा वर्षानुवर्षे चालतो, तेवढी वर्षे वकील फुकट उभा राहतो. पण हिशेब करून बघा. सुताराचे २१,५०,४०० मंजूर झाले, चार वर्षांचे साडेसात टक्क्यांनी व्याज ६,४५,१२० आले. दोन्ही मिळून २७,९५,५२० वर पंधरा टक्के म्हणजे ४,१९,३२८ रुपये. वर्षभर रंधा न धरता आलेल्या माणसाचे दोन वर्षांच्या जवळपास कमाईचे पैसे. आणि दावा जितका लांबेल तितके व्याज वाढेल, तितकी टक्केवारीही वाढेल; म्हणजे उशिराचा फायदा वकिलालाही.

याला वैध आणि सोपा पर्याय आहे: ठोक रक्कम, टप्प्याटप्प्याने. समजा ६०,००० ठरले. १५ दाखल करताना, २० पुरावा सुरू झाल्यावर, १५ युक्तिवादाला, उरलेले १० निकालानंतर. निकाल काहीही लागो, हे शेवटचे दहा द्यायचेच. म्हणून ती टक्केवारी होत नाही. सुरुवातीला जास्त झेपत नसेल तर मोठा हिस्सा शेवटी ठेवा, पण आकडा आधी ठरू द्या. तो वकिलाच्या लेटरहेडवर लिहून घ्या, नाहीतर निदान व्हॉट्सॲपवर ‘आज आपले असे ठरले’ म्हणून पाठवा. प्रत्येक वेळी पावती घ्या, आणि शक्यतो पैसे बँकेतूनच द्या. चार वकिलांना फी विचारायला लाजू नका. त्याच कामाला तालुक्याच्या कोर्टात आणि मुंबईत आकड्यांचा फरक चांगलाच असतो.

ठरवताना हे मात्र उघड विचारा: फीमध्ये कोर्ट फी, टायपिंग, नोटरी, झेरॉक्स धरले आहे का? डॉक्टरच्या साक्षीचा खर्च कोण देणार? हा बाकीच्या खर्चांतला सगळ्यांत मोठा आकडा असतो, कारण खासगी सर्जन अर्धा दिवस बुडवून कोर्टात येतो. तारखेला सीनियर उभे राहणार की ज्युनियर? निकालानंतर पैसे काढण्याचा अर्ज या फीत येतो की नव्याने मोजायचे? विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली तर? अपिलाची फी वेगळीच असते, पण आत्ताच विचारून ठेवलेले बरे. याला ‘ते नंतर बघू’ असे उत्तर आले, तर दुसरा वकील बघा.

तुमचा स्वतःचा खर्चही धरा. तारखांना हेलपाटे, बुडालेली मजुरी, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या फेऱ्या. हे कमी करायचा एक उपाय पुष्कळांना ठाऊक नसतो. अपघात नाशिकजवळ झाला आणि तुम्ही राहता साताऱ्यात, तर दावा साताऱ्यातच दाखल करता येतो. ‘अपघात झाला तिथेच केस करावी लागते’ असे सांगणारा वकील बहुधा त्या गावचा असतो.

फुकट वकील

विधी सेवा प्राधिकरणाचा वकील म्हणजे दुय्यम वकील, असा समज आहे. त्यांत चांगले-वाईट दोन्ही असतात, पैसे घेणाऱ्यांतही असतात. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे, औद्योगिक कामगार आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख आहे. अपघाताने दिव्यांग झालेला माणूसही यात येतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच कार्यालय असते, फोन १५१००. नेमलेला वकील वर पैसे मागू लागला तर त्याच कार्यालयात लेखी कळवा.

स्वतःचा दावा स्वतः चालवायलाही बंदी नाही. दुखापत छोटी, चूक उघड, बिले जागेवर, असे असेल तर अर्ज दाखल करून लोकअदालतीत मिटवणे एखाद्या लिहित्या-वाचत्या माणसाला सहज जमते. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. आकडा मान्य करण्याआधी तो व्याजासह आहे की व्याजाविना, हे विचारा आणि कागदावर तसेच आले आहे ना, ते वाचा. मिटवण्याच्या घाईत ‘एकरकमी’ या शब्दाखाली दोन-तीन वर्षांचे व्याज गडप होते.

मुदत, निकाल आणि हातात पडणारे पैसे

दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा, अशी मुदत एप्रिल २०२२ पासून आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असून, नुसत्या मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. आदेश अंतरिम आहे. त्याच्या भरवशावर वर्षभर फाइल कपाटात ठेवू नका; चौथ्या महिन्यापर्यंत वकील ठरवून पाचव्यात दाखल झालेला दावा सगळ्यांत निर्धास्त.

वकिलाशी पटले नाही तर तो बदलता येतो. फी थकली म्हणून तो तुमचे मूळ कागद अडवून ठेवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले आहे. तरीही मूळ कागदांच्या रंगीत प्रती घरी असू द्या. ग्राहक मंचात वकिलाविरुद्ध दाद मागता येत नाही. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा निकाल मे २०२४ मध्ये लागला. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करायची.

निकालानंतर विमा कंपनीने ३० दिवसांत रक्कम भरायची असते. तिला अपील करायचे असेल तर त्याची मुदत ९० दिवसांची, तुम्हालाही रक्कम कमी वाटली तर तेवढीच. वाद एक लाखाच्या आतला असेल तर अपील होत नाही. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतल्या लोकांना अपिलासाठी ऑगस्ट २०२५ पासून मुंबई गाठायची गरज उरलेली नाही, कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले आहे. पुण्या-मुंबईचा वकील लावण्याआधी कोल्हापुरातली फी विचारून घ्या.

रक्कम थेट जखमीच्या बँक खात्यात जमा व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सांगितले आहे. म्हणून खात्याचा तपशील न्यायाधिकरणात तुम्ही स्वतः द्या. खाते जखमीच्याच नावाचे हवे, चेकबुक आणि एटीएम घरात हवे. वकिलाच्या ओळखीच्या बँकेत नवे खाते उघडायला आणि चेकबुक त्याच्या ऑफिसात ठेवायला सांगितले गेले, तर नाही म्हणा. मोठ्या रकमेचा काही भाग न्यायाधिकरण मुदत ठेवीत ठेवायला लावते. पुढच्या ऑपरेशनसाठी किंवा मुलांच्या फीसाठी ती ठेव मुदतीआधी मोडायची असेल, तर रुग्णालयाचे अंदाजपत्रक किंवा शाळेचे पत्र जोडून साधा अर्ज करायचा असतो. तो एक-दीड पानाचा असतो आणि तुमच्या सहीने चालतो.